बाहेरचं ज्ञान

मुलीच्या प्रवेश परीक्षेच्या काही महिने आधी तिच्या क्लासच्या मॅडमनी मला बोलावून घेतलं होतं. त्यांनी एक गोष्ट नीट समजावून दिली आणि म्हणाल्या, हे तुम्ही तिला सांगा, माझं ती ऐकत नाही. मी सांगतो म्हणालो. सांगितलं नाही. पुढे त्यांनी विचारलं, बोललात का, तर बोललो म्हणालो. एवढंच आहे. पण एवढंही मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, कोर्टातल्या बाररूममध्ये रोज शेजारी डबा उघडणाऱ्या वकील मित्राला नाही, मुलीला तर नाहीच.

मी मुळात कमी बोलणारा. वकील आणि कमी बोलणारा, याचं लोकांना हसू येतं. कोर्टात बोलतो, कारण तिथं दुसऱ्याचं बोलायचं असतं. घरी आल्यावर कोटाबरोबर आवाजही खुंटीला लावतो, असं बायको म्हणते. माझं काम सगळं दिवाणी. वाटण्या, वहिवाटीचे रस्ते, बांध, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या. माझं गाव शाहूवाडी तालुक्यातलं, त्यामुळे मलकापूरकडचे पक्षकार जास्त. थोडे चंदगडचे. या कामात पेपरात नाव येत नाही, पण एसटीत बसलो की कुणीतरी सरकून जागा देतं.

मुलगी आठवीत असताना एकदा जेवता जेवता म्हणाली, मी वकील होणार. मी आणखी एक भाकरी मागितली. बायको प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, माणसं ओळखते. ती म्हणाली, झालं, यांना आनंद झाला.

दुसऱ्या दिवशी कोर्टात एका ज्येष्ठांकडे सहज विषय काढला. ते म्हणाले, आता आपल्यासारखं राहिलं नाही, पदवी झाली आणि काही सुचेना म्हणून लॉला गेलो. आता बारावीलाच देशपातळीवर परीक्षा असते, क्लॅट म्हणतात. तीत वरचा नंबर आला तर मोठ्या कायदा विद्यापीठात पाच वर्षं. मोठ्या शहरातली पोरं नववीपासून तयारीला लागतात. मी मनात म्हटलं, मग आपण आठवीपासून लागू.

आणि लागलो. घरी इंग्रजी पेपर सुरू केला. मी दाढी करत असताना ती अग्रलेख मोठ्यानं वाचायची, अडलेल्या शब्दाखाली रेघ मारायची. शेकडेवारी, गुणोत्तर हे बायकोकडे. चालू घडामोडी रात्रीच्या जेवणात. कायद्याचा भाग मात्र माझा. त्यात मी कुणाला हात लावू देत नव्हतो. बायको शेजारणीला सांगायची, हिची अजून दहावी व्हायची आहे आणि आमच्याकडे सुप्रीम कोर्ट भरलंय.

शिकवायचं कसं, हे मला ठाऊक नव्हतं. पुस्तकातलं कलम काढून समजावून सांगायला गेलो की मला स्वतःलाच जांभई यायची. माझी एक सवय होती. जमिनीचा दावा असला की त्या जमिनीवर उभं राहिल्याशिवाय मी कागद करायला घेत नाही. पक्षकार म्हणतो, नकाशा आहे की साहेब. मी म्हणतो, असू दे, रविवारी येतो. तर या रविवारच्या फेरीला मी मुलीला बरोबर न्यायला लागलो. आधी स्कूटरवर, पुढे जुनी गाडी घेतली तीतून. जाताना मी तिला वाद काय आहे ते सांगायचो. तिथं ती नुसतं ऐकायची, बघायची. परत येताना मी म्हणायचो, दे निकाल. ती निकाल द्यायची, मी विरुद्ध बाजूनं बोलायचो, मग ती निकाल बदलायची किंवा नाही बदलायची. कोल्हापूर यायच्या आत प्रकरण संपलं पाहिजे, असा आमचा नियम होता.

मी माझ्या मुलीशी जे काही बोललोय ते या रस्त्यावर बोललोय. घरात आम्ही एकमेकांना मीठ दे आणि दार लाव यापलीकडे फार काही म्हणत नसू.

एक प्रसंग सांगितला पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मलकापूरच्या पुढे एका वाडीत दोन भावांचा वाद होता. वाटणीत विहीर थोरल्याच्या गटात गेली होती. धाकटा बापाच्या वेळेपासून आठवड्यातला एक दिवस तिचं पाणी घ्यायचा, पण कागदात त्या पाळीचा उल्लेख नव्हता. थोरला माझा पक्षकार. त्यानं धाकट्याचा पाइप काढून टाकला होता आणि आता मनाईहुकूम मागायचा म्हणत होता. आम्ही विहिरीवर गेलो तर धाकट्याची बायको धुणं घेऊन बसलेली. ती उठली नाही.

थोरला म्हणाला, "इहीर माझ्या गटात हाय की. सातबारा बघा, नकाशा बघा."

"सातबारा पाजा मग म्हशीला," ती धुणं आपटत म्हणाली. "बुधवार आमचा हाय. सासऱ्यांनी लावून दिलेला."

थोरला चिडला आणि काय वाटलं कुणास ठाऊक, माझ्या मुलीकडे वळून म्हणाला, "आता पावणं, तुमीच सांगा. शिकल्याली दिसताय."

मुलगी तेव्हा नववीत. तिनं अगदी साधं विचारलं, "काका, बुधवारी ते पाणी घेत होते का?"

"घेत व्हते की. न्हाय कोण म्हणतंय? पर कागदात न्हाय."

परतीच्या वाटेवर आम्ही दोघं बराच वेळ हसत होतो. माझ्याच पक्षकाराकडून तिनं त्याच्याच विरुद्धची कबुली घेतली होती. पप्पा, तुमची केस मीच बुडवली, म्हणाली. तो दावा मी लावलाच नाही. दोघा भावांना ऑफिसात बसवलं आणि बुधवार कागदावर आणला. बाररूममध्ये ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली की मला बघितलं की लोक विचारायचे, काय म्हणतात तुमच्या न्यायाधीशबाई?

अकरावीला तिला राजारामपुरीतल्या एका क्लासला घातलं. क्लास एका मोबाइलच्या दुकानावर, दोन खोल्यांचा. चालवणारी मुलगी तरुण होती. स्वतः बाहेरच्या मोठ्या कायदा विद्यापीठात शिकलेली, आई आजारी पडली म्हणून कोल्हापूरला परत आलेली. वयानं माझ्या निम्मी असेल, पण मी पहिल्यापासून मॅडमच म्हणत आलो. त्यांचं बोलणं सरळ. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, हिचं इंग्रजी चांगलं आहे, तर्क चांगला आहे, गणिताला थोडं खेचू. कायद्याचं मी काही विचारलं नाही. ते माझं खातं होतं.

बारावीचं वर्ष लागलं, सराव पेपर सुरू झाले. कायद्याच्या भागात तिला मार्क कमी पडायला लागले. फार नाही, पण दर पेपरात कमी. ती पेपर घरी आणायची आणि आम्ही दोघं चुकलेले प्रश्न काढून बसायचो. त्या प्रश्नांची रीत अशी असते की एक उतारा देतात, त्यात कायद्याचा एखादा नियम मांडलेला असतो, मग एक छोटी घटना सांगतात आणि विचारतात, काय होईल? मी घटना वाचायचो आणि मला तिचंच उत्तर बरोबर वाटायचं. मी म्हणायचो, हे पेपर काढणारे कधी कोर्टात गेलेत का? मग आम्ही त्या उत्तरांवर अपील करायचो. हा आमचा नवा खेळ. मी तिच्या बाजूनं युक्तिवाद करायचो, हायकोर्टाचे निवाडे सांगायचो, शेवटी ती टेबलावर पळी आपटून म्हणायची, अपील मंजूर. बायको स्वयंपाकघरातून म्हणायची, अपील मंजूर झालं असेल तर पळी इकडे द्या.

तोवर मला खरंच काही माहीत नव्हतं. तोवरचं माफ करायला हरकत नाही, असं मी स्वतःला सांगत आलोय.

मग पावसाळा सरत आला असताना मॅडमचा फोन आला. कोर्ट सुटल्यावर कोट हातावर टाकून मी क्लासच्या जिन्यानं वर गेलो. मुलं गेली होती. मॅडमनी एक पेपर काढला आणि एका प्रश्नावर बोट ठेवलं. योगायोग असा की प्रश्न विहिरीचा होता. उताऱ्यातला नियम: जमिनीला जोडलेली प्रत्येक गोष्ट जमिनीच्या मालकाची, आणि त्याच्या लेखी परवानगीशिवाय दुसऱ्या कुणालाही ती वापरता येणार नाही. घटना: अ च्या जमिनीत विहीर आहे, त्याचा भाऊ ब कित्येक वर्षं तिचं पाणी घेतो, लेखी काही नाही. ब ला हक्क आहे का? माझ्या मुलीनं खूण केली होती, आहे.

"उत्तर तिचंच बरोबर आहे," मी म्हणालो.

"कोर्टात बरोबर आहे, सर. पेपरात चूक आहे."

त्या शांतपणे सांगत राहिल्या. नियम त्यांनी दिलाय. तो खरा आहे की खोटा, न्यायाचा आहे की अन्यायाचा, हे विचारलेलंच नाही. दिलेला नियम घ्यायचा, घटनेला लावायचा, येईल ते उत्तर लिहायचं. बाहेरचं ज्ञान आणायचं नाही, हा या भागाचा पहिला धडा. बाकीच्या मुलांना कायद्याचं काहीच येत नाही, म्हणून त्यांना हे सोपं जातं. हिला येतं, म्हणून ही अडकते. प्रश्नात जमीन, पाणी, रस्ता, झाड काही आलं की ही उतारा सोडते आणि गावाला जाते. शिवाय चुकलेल्या उत्तराला मार्क कापले जातात.

"मी सांगून दमले," त्या म्हणाल्या. "ती म्हणते, माझे पप्पा वकील आहेत, ते म्हणतात हे बरोबर आहे. तुम्ही एकदा सांगा सर. तुमच्या एका शब्दानं होईल."

सांगतो, मी म्हणालो. त्यांनी चहा मागवला. मी घेतला आणि उतरलो.

जिना उतरतानाच मला सगळं कळलं होतं. हे मी लपवणार नाही. पुढे मी स्वतःशी अनेक सबबी केल्या, मॅडमचं म्हणणं नीट कळलं नव्हतं वगैरे. खोटं आहे ते. एका मिनिटात समजेल अशी ती गोष्ट होती आणि मला ती समजली. मुलीलाही एका मिनिटात समजली असती. तिच्यासारख्या मुलीला एवढं म्हटलं असतं, की बाळा, पेपरात माझं काही आणू नकोस, तिथं त्यांचं मान, निकाल आपण गाडीत देऊ, तर ती हसली असती आणि पुढच्या पेपरापासून बदलली असती.

तो रविवार आला. मलकापूरकडे एका रस्त्याच्या वादासाठी जायचं होतं. आज सांगायचं असं ठरवूनच निघालो. बांबवड्याला चहाला थांबलो. ती समोर बसून बशीत बिस्कीट बुडवत होती. परीक्षा जवळ आली, तुला भीती वाटते का, मी विचारलं. तेवढा तरी धीर केला.

"गणिताची वाटते," ती म्हणाली. "जीकेचीपण थोडी. लीगलचं मात्र टेन्शनच नाही घेत मी, पप्पा. सगळ्या पोरी क्लासमध्ये पाठ करत बसतात. मी नुसतं आपलं गाडीतलं आठवतो आणि लिहितो." आमच्याकडच्या मुली घरात असंच बोलतात, आठवतो, लिहितो.

त्यानंतर मी चहाचे पैसे दिले आणि आम्ही निघालो.

का नाही बोललो, याचा विचार मी पुष्कळ केलाय. तिनं लांब जाऊ नये असं मला वाटत होतं का? बायकोला एकदा तशी शंका आली होती. नाही. ती जावी असंच वाटत होतं, मी बाररूममध्ये तिच्या विद्यापीठाचं शहरसुद्धा ठरवून टाकलं होतं. मॅडमचा राग आला होता का? थोडा. माझ्या निम्म्या वयाच्या मुलीनं मला विहिरीचा कायदा बाजूला ठेवा म्हणावं, हे लागलं होतं. पण तेही खरं कारण नव्हे. खरं कारण फार लहान आहे, आणि लहान आहे म्हणूनच सांगायला जड जातं. मला तिचा शिकवणारा राहायचं होतं. गाडीतलं विसर, असं मला माझ्या तोंडानं म्हणायचं नव्हतं. तेवढ्यासाठी मी तिच्यासाठीचा निरोप खिशात ठेवला. मनात म्हटलं, बाकीच्या भागांत ती भरून काढेल.

आणि अपिलं चालूच ठेवली. हे सर्वांत वाईट. गप्प बसणं वेगळं. मी तर कळल्यानंतरही टेबलाशी बसून तिच्या चुकीच्या उत्तरांना निवाडे जोडत होतो, आणि ती पळी आपटत होती.

दिवाळीच्या सुमाराला मॅडमचा पुन्हा फोन आला. मी बाररूममध्ये होतो, उठून व्हरांड्यात गेलो. तुम्ही तिच्याशी बोललात ना, त्यांनी विचारलं.

"बोललो," मी म्हणालो.

त्या म्हणाल्या, म्हणजे तुम्ही सांगूनही ती ऐकत नाही. ठीक आहे सर, आता महिनाभर राहिला, तिला टोकून ताण नको द्यायला. मी नाही बोलणार.

तो शब्द त्यांनी पाळला. दोन-चार दिवसांनी मुलगी खुशीत घरी आली. मॅडम आता लीगलचा पेपर नुसता बघतात आणि परत देतात, काहीच बोलत नाहीत, म्हणजे सुधारलं असणार, असं आईला सांगत होती. मी वर्तमानपत्र वाचत होतो. पान उलटलं.

परीक्षेच्या दिवशी केंद्राबाहेर पालकांची गर्दी होती. मी एका भिंतीला टेकून उभा होतो. ती बाहेर आली ती हसतच. पप्पा, विहीर नव्हती, झाड होतं, म्हणाली. बांधावरचं झाड, फळ पलीकडे पडतं, फळ कुणाचं? मी विचारलं, उताऱ्यात काय दिलं होतं? ती म्हणाली, ते म्हणत होते, फळ कुठंही पडो, झाडाच्या मालकाचं. पण आपण चंदगडला ती काजूची केस बघितली होती ना, पलीकडे पडलेला काजू पलीकडचा, दोघांनी वर्षानुवर्षं मानलेलं? मी तसंच लिहिलं. तिनं माझा हात धरला होता. त्या एका झाडावर पाच-सहा प्रश्न होते.

निकाल लागला. इंग्रजी उत्तम, तर्क उत्तम, गणितसुद्धा अपेक्षेपेक्षा चांगलं. कायद्याचे मार्क सगळ्यांत कमी. त्या भागात तिला मध्यम मार्क जरी पडले असते, तरी तिला कुठल्या तरी चांगल्या ठिकाणी जागा मिळाली असती. हे तिनंच कागदावर मांडून बघितलं आणि कागद बाजूला सारला. रडली नाही. बायको रडली, आणि डोळे पुसून म्हणाली, त्या बाईनं शेवटी लक्षच दिलं नाही. अहो, तुम्हाला काय वाटतं?

मी म्हणालो, "हं."

कोर्टात मी कधी हं म्हणत नाही. तिथं हं लिहून घेतलं जात नाही, नीट बोला असं सांगतात. घरात चालतं. त्या एका हुंकारावर बायकोनं आमच्या कॉलनीभर सांगितलं, की तो क्लास काही खरा नाही. बाररूममधल्या मित्रानं आपल्या मुलीसाठी विचारलं, तेव्हा मी म्हणालो, बघा बुवा, आम्हाला तरी उपयोग झाला नाही. त्यानं मुलीला पुण्याला पाठवलं. आणखी एकदोघांनी विचारलं, त्यांनाही मी तेच सांगितलं. पुढे तो क्लास त्या दोन खोल्यांतून आतल्या गल्लीत एका खोलीत गेला. ते माझ्यामुळेच झालं असं म्हणणं म्हणजे स्वतःला फार मोठं समजणं होईल. पण मी हातभार लावला. एकदा बिंदू चौकात मॅडम समोरून आल्या. थांबल्या, मुलीची चौकशी केली आणि म्हणाल्या, मला वाईट वाटतं सर, मी तिला पटवायला कमी पडले. मी म्हणालो, नाही नाही, तुमचं काय त्यात. तेही त्यांच्या चांगुलपणाला उत्तर म्हणून म्हटलं, खरं म्हणून नव्हे.

एक वर्ष थांबून पुन्हा देतेस का, असं आम्ही मुलीला विचारलं. नको म्हणाली. राज्याची सीईटी दिली आणि इथंच कोल्हापुरात पाच वर्षांच्या कोर्सला गेली. आता तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेज वाईट नाही, शिक्षक चांगले आहेत, तीही पास होत जाते. वरून बघणाऱ्याला यात काही बिघडलेलं दिसणार नाही. कोल्हापुरात आता हायकोर्टाचं बेंच बसतं. बाररूममध्ये जो तो आपल्या मुलामुलींना तिथं उभं करायचं बोलतो. माझी मुलगी वक्तृत्वाचं, अभिरूप न्यायालयाचं काही असलं की नाव देत नाही. डिग्री झाली की बँकेच्या परीक्षा देईन म्हणते.

रविवारची फेरीही थांबली. आधी सबमिशन असायचं, मग मैत्रिणीचा वाढदिवस, मग मी विचारणं सोडलं. आता मी एकटाच जातो. बांबवड्याचा चहावाला एकदोनदा म्हणाला, ताई दिसंना झाल्या. कॉलेज हाय, मी म्हणालो. जे राखायला मी गप्प बसलो होतो, तेच असं गेलं. त्याबद्दल तक्रार करायला मला तोंड नाही.

हे सगळं मी असंच दाबून ठेवलं असतं. माझ्यासारखा माणूस ठेवू शकतो. पण गेल्या महिन्यात माझ्या भावाची मुलगी आमच्याकडे आली. ती आता आठवीत आहे आणि तिच्याही डोक्यात वकिली शिरली आहे. भाऊ म्हणाला, लवकर सुरू केलेलं बरं. म्हणून ती शनिवारी माझ्या मुलीकडे बसते. एका शनिवारी मी बाहेरच्या खोलीत सोमवारच्या तारखांच्या फायली लावत होतो. दार उघडं होतं. मुलगी तिला वेळापत्रक आखून देत होती, इंग्रजी कसं वाचायचं, चालू घडामोडी कशा लिहून ठेवायच्या. फार छान सांगत होती, तिच्या आईसारखं. मग पुतणीनं विचारलं, आणि ताई, लीगलचं?

"ते तू क्लासमध्येच शीक. माझ्याकडून नको," मुलगी म्हणाली. "मला ते जमत नव्हतं."

"काका वकील असून?"

"पप्पांनी खूप केलं गं. तुझ्याएवढी होतो तेव्हापासून गावोगाव घेऊन फिरले, एवढं कोण करतं? माझ्यातच नव्हतं. इतकी वर्षं करूनही नाही आलं, म्हणजे डोकंच नाही त्यातलं. कळलं तेवढं बरं झालं."

तिच्या आवाजात कडवटपणा नव्हता. शाळेत मोजलेली उंची सांगावी तसं तिनं सांगितलं. मी फाइल बांधत होतो, ती सोडली आणि पुन्हा बांधली. उठून आत जायला पाच पावलंसुद्धा लागली नसती. गेलो नाही. पुतणीनं जाताना माझ्या पायाला हात लावला, मी आशीर्वाद दिला.

त्या दिवसापासून मला नीट कळलंय की माझ्यामुळे नुसती एक जागा गेली नाही. जागा गेली ते एकवेळ चाललं असतं. नववीत असताना ज्या मुलीनं एका प्रश्नात विहिरीचा वाद मिटवला, ती आज समजते की तिला कायद्याचं डोकं नाही. आणि हे तिला पटलंय, कारण तिला वाटतं की मी माझ्याकडून काही कमी ठेवलं नाही. तिच्या हिशोबात चूक एकाच माणसाची उरते, तिची स्वतःची.

लिहायला सोपं जातं म्हणून हे लिहिलं. लिहून काही फिटत नाही, हे मला कळतं. बायको वाचेल, ती काय म्हणेल याची मला कल्पना आहे आणि ती म्हणेल ते बरोबरच असेल. पण मुलीनं हे असं छापलेलं वाचून जाणून घ्यावं, हे मला नको आहे.

त्याआधी मला तिच्यासमोर बसून सांगायचं आहे, की मॅडमनी तुझ्यासाठी माझ्याकडे निरोप दिला होता, तो मी कळून सवरून तुझ्यापर्यंत पोचू दिला नाही. तुझी उत्तरं कायद्यानं बरोबर होती आणि पेपर कसा वाचायचा एवढंच तुला कुणी सांगितलं नव्हतं. आणि राजारामपुरीतल्या त्या एका खोलीत जाऊन मॅडमना सांगायचं आहे, की मी बोललो नव्हतो, तुम्ही कुठं कमी पडला नाहीत, आणि तुमच्या क्लासबद्दल मी जे पसरू दिलं ते खोटं होतं. ज्यांना मी तसं सांगितलं त्यांनाही हे सांगायचं आहे. यातलं एकही अजून केलेलं नाही.